अक्रोडावरचा मावा

“हा मावा अक्रोड सोडून दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही,” घड्याळवाले काका म्हणाले.

त्यांच्या दुकानावर अक्रोडाचं झाड आहे. त्या पिवळ्या किडीचा चिकटा रोज आमच्या स्कूटरींवर गळतो.

“काका, भूक लागली की कोणीही काहीही खातं. लिंबाच्या पानावर ठेवून बघा.”

“मरेल, पण खाणार नाही.”

“लागली पैज?”

काकांची मुलगी सहा महिने त्यांच्या मागे लागली होती, दुकान बंद करा, माझ्याकडे राहायला या. मीही तिचीच री ओढायचो. काकांचे गुडघे जिन्यावर वाजले की मला भिंतीपलीकडे ऐकू येतं.

म्हणूनच काका इरेला पेटले. “चार दिवसांनी मावा जिवंत दिसला, तर निमूट मुलीकडे जातो. मेला, तर तू सगळ्यांच्या स्कूटरी धुवायच्या. बायकोचा एप्रन घालून!”

गल्ली साक्षीला होतीच. बरणीत लिंबाची ताजी फांदी, दहा मावे, वर जाळीचं कापड. बरणी दुकानाच्या कट्ट्यावर.

दुसऱ्या दिवशी मावे पान सोडून काचेवर फिरत होते. समोर भरलं ताट, आणि हे उपाशी! चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर दहाही तळाशी, पाय वर.

आता हरणं काही आपल्या रक्तात नाही. मेलेले फुंकून टाकले, झाडावरचे दहा ताजे आत सोडले.

दहा वाजता गल्ली जमली. काकांनी डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ काढलंच नाही.

“जिवंत आहेत रे,” ते हळूच म्हणाले. “म्हणजे जमतं म्हणायचं कुठेही.” आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. “पोरीला फोन लाव.”

चाळीस वर्षं खिशात राहून गुळगुळीत झालेल्या किल्ल्या. मला काचेवर फिरणारे ते मावे आठवले.

“काका, पैजेचे मावे सकाळीच मेले. हे मी बदललेत.”

“गाढवा!”

“हो.”

काकांनी किल्ल्या हिसकावून घेतल्या, मुलीला स्वतःच फोन लावला. “मी येत नाही. तूच ये चार दिवस. इथे तमाशा आहे, फुकट.”

मग स्टूल टाकून झाडाखाली बसले. अकरा स्कूटरी, एक बादली आणि फुलाफुलांच्या एप्रनमधला मी. बायको खिडकीतून फोटो काढत होती.

“आरसा राहिला,” काका भिंग लावून म्हणाले. “नीट घास!”