दुर्गाबाईंची साक्ष

तात्यांना गाडी विकायची होती हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे त्यांना गाडीचा आकडा कुणाच्या तरी गळी उतरवायचा होता. नऊ वर्षांत अकरा हजार किलोमीटर. मीटरवर तो आकडा स्वच्छ दिसत होता आणि तो खरा होता, अगदी देवाशपथ खरा. पण अख्ख्या अलिबाग तालुक्यात त्यावर विश्वास ठेवणारा एक माणूस भेटेल तर शपथ.

तात्या अलिबागच्या कोर्टात उभा जन्म बेंच क्लार्क होते. साक्षीदाराला शपथ द्यायची आणि मग तो धडधडीत खोटं बोलतो ते ऐकत बसायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यातून त्यांनी एकच घेतलं, की आपण खोटं बोलायचं नाही. बोललेही नाहीत कधी. लेकीच्या लग्नात विहीणबाईंनी हौसेने विचारलं, "साडी आवडली ना आमची?" तेव्हाही बोलले नाहीत, आणि त्या सत्याची फळं गौरीने सासरी पुढे बरीच वर्षं चाखली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही पांढरी गाडी घेतली आणि तळहातावरच्या फोडासारखी जपली.

आता जपली म्हणजे किती, तर नागावच्या त्यांच्या सुपारीच्या वाडीत गाडीसाठी पत्र्याची स्वतंत्र शेड. पत्नी दुर्गाबाईंच्या दोन चांगल्यातल्या चादरी जोडून शिवलेली खोळ. खारा वारा पत्रा खातो म्हणून रोज सकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने पुसणं. सीटवरचं प्लास्टिक शोरूममधून आलं तेच. उन्हाळ्यात त्यावर बसलं की पाठ भाजून निघायची, पण ते काढायची टाप नव्हती कुणाची. गाडी बाहेर पडायची ती पालीच्या बल्लाळेश्वराला, वर्षातून एकदोनदा, नाहीतर अलिबागला डॉक्टरकडे. शिवाय बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी रेवदंड्यापर्यंत एक फेरी, तीही तात्यांची एकट्याची. दुर्गाबाई बाजाराला जायच्या त्या मिनीडोर रिक्षाने, इतर पाचजणांत दाटीवाटीने, मांडीवर पिशव्या घेऊन. परत आल्या की शेडमध्ये गाडी खोळ पांघरून गारव्याला उभी असायची. गौरीच्या बाळंतपणाला त्या पनवेलला एसटीने गेल्या, कारण दिवस पावसाचे होते आणि वडखळचे खड्डे गाडीला सोसले नसते. बाईला सोसतात, तिचं काही नाही.

सुरुवातीला दुर्गाबाईंनी विचारून पाहिलं. कोल्हापूरला अंबाबाईला जाऊया? "घाटात क्लच जळतो." गणपतीपुळ्याला? "रस्ता धड नाही." महाबळेश्वर? "तिथे काय ठेवलंय?" शेवटी त्या म्हणाल्या, निदान काशीदला तरी चला, इथे तासाभरावर आहे, लोक मुंबईहून येतात. तात्या म्हणाले, "वाळू. एकदा आत गेली की जन्मात निघत नाही." त्यानंतर दुर्गाबाईंनी नवऱ्याला विचारणं सोडलं आणि गावाला सांगणं सुरू केलं. हळदीकुंकू असो की कुणाचं डोहाळजेवण, त्या म्हणायच्या, "आमच्याकडे गाडी आहे म्हणतात सगळे. अहो, ती आमची नाही, आम्ही तिचे." बायका हसायच्या. दुर्गाबाईही हसायच्या.

मग तात्यांची मान आखडली. वळायचीच बंद झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आणि गाडी विकायला निघाली. पहिलं गिऱ्हाईक आलं, मीटर बघून नुसतं हसलं आणि गेलं. दुसऱ्याने विचारलं, "किती उलटा फिरवलाय, काका?" तात्यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिसरा आला तो अलिबागचा एजंट, विनेश. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि अगदी आपुलकीने सांगितलं, "काका, लोक माझ्याकडे लाखाचे चाळीस हजार करायला येतात. तुमची केस उलटी आहे. तुमचे अकराचे चाळीस करून देतो. उद्या गाडी जाते की नाही बघा."

"म्हणजे खरं पटावं म्हणून खोटं करायचं?"

"पटायला नको का काही तरी?" विनेश म्हणाला. तात्यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं आणि स्वतः हाताने कडी लावली.

आणि अशात मुरुडहून जैनुद्दीन आले, बरोबर पत्नी रेहाना. मस्कतला उमेदीची सगळी वर्षं नोकरी करून माणूस घरी परतलेला. परतल्या परतल्या हौसेने जुनी गाडी घेतली होती, ती मीटरवर तीस हजार आणि प्रत्यक्षात दीड लाख धावलेली, वर कुठल्याशा पुरात बुडून निघालेली. महिन्याभराने सीटबेल्ट सहज पूर्ण ओढून पाहिला तर टोकाशी गाळ. तेव्हापासून जैनुद्दीननी कानाला खडा लावला होता. आल्याबरोबर त्यांनी अस्तन्या सारल्या, पायाखालचं जाजम उचलून वास घेतला, चारही सीटबेल्ट मुळापर्यंत ओढले, दारांचे रबर सोलून आतली वेल्डिंग पाहिली, बॉनेटच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा शोधल्या. तात्यांना त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. अशी उलटतपासणी त्यांनी कोर्टातदेखील क्वचित पाहिली होती. हा माणूस खरं ते शोधूनच काढणार, त्यांच्या मनाने घेतलं.

"ठोकलेली नाही," जैनुद्दीन म्हणाले. "पाण्यातली नाही. पण टायर नवे कसे?"

"उभे राहून तडकले. बदलले."

"बॅटरी?"

"तिसरी. उभी राहून उतरते."

"पेडलचे रबर कोरे करकरीत. हेपण बदलले?"

"मूळचे आहेत हो."

"आणि सीटवर नवं प्लास्टिक."

"तेही मूळचंच."

जैनुद्दीननी हात पुसले. त्यांना म्हाताऱ्याला दुखवायचं नव्हतं. "तात्या, गाडी अव्वल आहे. पण ह्या आकड्यावर यकीन बसत नाही. गाडी चालली नाही तर एवढ्या वस्तू बदलाव्या का लागतात? माझा तजुर्बा सांगतो, साठ हजाराच्या खाली नाही ही." मग म्हणाले, "एक लांब चक्कर मारू. काशीदपर्यंत. इंजिन तापलं की आपोआप बोलतं."

रेहाना दुर्गाबाईंना म्हणाल्या, "भाभी, तुम्हीपण चला ना."

दुर्गाबाईंनी तात्यांकडे पाहिलं. गिऱ्हाइकासमोर वाळूचं नाव काढायची सोय नव्हती. तात्या म्हणाले, "चल." दुर्गाबाई आत गेल्या त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. जांभळी इरकल नेसल्या होत्या आणि केसांत घरच्या अबोलीचा गजरा होता. गाडीची चाचणी घ्यायला गजरा कशाला, असं तात्यांच्या मनात आलं, पण तेवढ्यात जैनुद्दीननी गिअर टाकला आणि त्यांचं सगळं लक्ष तिकडे गेलं.

साळावचा पूल ओलांडला, कोर्लई मागे पडलं. गाडी सुरेख चालली होती. मागे दोघी बायका बोलत होत्या, म्हणजे रेहाना बोलत होत्या आणि दुर्गाबाई काचेला नाक लावून बाहेर बघत होत्या. काशीदला सुरूच्या झाडांखाली गाडी लावली. बायका चपला हातात घेऊन पाण्याकडे गेल्या. तात्यांनी पायदाणावर वाळू आली का ते बघून घेतलं आणि मग जैनुद्दीनकडे वळले, आखडलेल्या मानेमुळे सगळ्या अंगानेच वळले.

"जैनुद्दीनभाई, हजारो साक्षीदारांना मी शपथ दिली. माझ्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या हिला विचारा. ही गाडी कुठे जात नाही म्हणून ती नऊ वर्षं गावभर रडते आहे. यापेक्षा सच्ची साक्ष तुम्हाला मिळायची नाही."

"हे बरोबर बोललात," जैनुद्दीन म्हणाले. "बाईमाणसाला मीटरचं काय पडलंय? भाभी बोलतील ते कबूल. अकरा हजार म्हणाल्या तर अकरा हजार, तुमच्या भावाने घेतो."

तात्यांना हायसं वाटलं. खटला जिंकलाच होता त्यांनी.

बायका परत येत होत्या. दुर्गाबाईंच्या इरकलीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला होता, पावलांना वाळू चिकटली होती. रेहाना म्हणत होत्या, "आम्ही मस्कतला होतो तेव्हा दर जुम्म्याला समुद्रावर जायचो. तुम्ही तर इथेच राहता. नेहमी येत असाल."

दुर्गाबाईंनी भिजलेला काठ पिळला.

"येतो ना," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला येतो. यांना समुद्राची फार आवड."

जैनुद्दीननी भुवई उचलली. "अच्छा? आणि कुठे कुठे फिरलात, भाभी?"

तात्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं. पण दुर्गाबाई आता कुणाकडेच बघत नव्हत्या. "कोल्हापूरला तीनदा जाऊन आलो. अंबाबाईचं दर्शन झालं की हे मला तिथेच मिसळ खायला घालायचे, तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी काढायचे आणि हसायचे. गणपतीपुळ्याला तर दोन दिवस राहिलो. महाबळेश्वरला इतकी थंडी, यांनी आपला मफलर काढून मला दिला. मी म्हटलं, अहो, तुमच्या मानेला वारा लागेल, तर ऐकलं नाही." त्या हसल्या. "त्यानेच मान आखडली बहुतेक."

साक्षीदार फितूर झाला होता. तात्यांना कोर्टातला धडा पाठ होता, फितूर साक्षीदाराला एकच प्रश्न पुरतो. कोल्हापूरला कुठल्या महिन्यात गेलो, कुठे उतरलो, कोण भेटलं? एवढं विचारलं की दुर्गाबाई तिथेच, रेहानाच्या देखत, उघड्या पडणार होत्या. प्रश्न तात्यांच्या ओठांवर आला.

त्यांचं लक्ष गजऱ्याकडे गेलं. मग भिजलेल्या काठाकडे. त्या मफलरची त्यांना ओळख पटली. तो घरात होता, पेटीत, डांबरगोळ्या घालून, आणि तो त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता. ही बाई असल्या सहली मनातल्या मनात किती दिवस करत असेल, असा विचार आला आणि तात्यांना गलबलून आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. नऊ वर्षं ज्या आकड्याचा तोरा मिरवला तो मीटरवर समोरच होता, आणि त्याच्याकडे बघवेना.

जैनुद्दीन हलक्या आवाजात म्हणाले, "तात्या, आता खरं सांगा. मीटर फिरवलाय ना?"

"होय," तात्या म्हणाले.

दुर्गाबाईंनी चमकून वर पाहिलं.

"फिरवलाय," तात्या पुन्हा म्हणाले. एकदा सुरुवात झाली म्हटल्यावर त्यांनी पुढेही रेटलं. "पुष्कळ फिरलो आम्ही. एकदा आंबा घाटात गाडी तापली होती, रस्त्याकडेला थांबावं लागलं."

जैनुद्दीननी पुढे होऊन तात्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "इतक्या गाड्या बघितल्या, पण तोंडावर कबूल करणारा पहिला माणूस तुम्ही. आता माझी काही शंका नाही. साठ हजार किलोमीटरच्या हिशोबाने गाडी माझी." आणि रेहानाकडे वळून म्हणाले, "बघितलंस? पेडल बघूनच मी ओळखलं होतं."

परतीच्या वाटेवर जैनुद्दीन भलतेच खुशीत होते. तात्यांच्या सच्चेपणाची गोष्ट ते मुरुडमध्ये सगळ्यांना सांगणार होते. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं ते तीनदा म्हणाले. तात्या पुढच्या सीटवर बसून ते ऐकत होते. जन्मभर खरं बोलून जे नाव मिळालं नव्हतं ते पहिल्याच खोट्याला मिळालं, आणि तक्रार करायची सोय नव्हती.

नागावला चहा झाला, व्यवहार झाला, आणि गाडी फाटकातून बाहेर पडून मुरुडच्या दिशेने गेली. प्लास्टिक जैनुद्दीननी निघण्याआधीच फाडून टाकलं होतं. रेहाना मऊ सीटवर टेकून बसल्या आणि त्यांनी हात हलवला.

संध्याकाळी तात्या ओट्यावर बसले होते. समोर रिकामी शेड. दुर्गाबाई गाडीची खोळ उसवून तिच्या पुन्हा दोन चादरी करत होत्या.

"रागावलात?" दुर्गाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"नाही."

आणखी थोडी उसवण झाली. "घाटात गाडी तापली म्हणालात. मग काय केलंत हो?"

तात्यांनी विचार केला. सवय नव्हती त्यांना. "बॉनेट उघडून ठेवलं. तू तिथेच एका दगडावर बसलीस. मी तुला थर्मासमधला चहा ओतून दिला."

"आपल्याकडे थर्मास कुठे आहे?"

"होता," तात्या म्हणाले. "त्या प्रवासासाठी मुद्दाम घेतला होता. तिथेच विसरला दगडावर."

"तरीच," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि घडी घालायला त्यांनी चादरीचं दुसरं टोक तात्यांच्या हातात दिलं.