सुनेत्राबाईंनी इंजिन काढलं

सुनेत्राबाई गाडीखालून सरकत बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर काळ्या तेलाचा ओघळ होता. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट गिअरबॉक्सपासून सुटला होता. त्यांनी हातातला बोल्ट व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला आणि खुर्चीतल्या नवऱ्याला सांगितलं, "अहो, सुटला."

बाळ पोतनीसांनी डावा हात थोडा वर केला. उजवा मांडीवर तसाच पडून होता.

पोतनीस अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सचे अधिकारी होते. निवृत्त होऊन बदलापूरच्या घरी आल्यावर त्यांचं सगळं लक्ष पोर्चमधल्या जुन्या फियाटवर होतं. गाडी धूर ओकायला लागली होती. इंजिन उतरवून पुरतं नवं करायचं त्यांनी ठरवलं, पाने काढून ठेवले, आणि त्याच पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला.

हातापायापेक्षा त्यांना वाचेने जास्त छळलं. मनात एक शब्द असे आणि तोंडातून दुसराच येई. चहा हवा असला की "किल्ली द्या" म्हणत. भेटायला आलेले लोक हसू दाबतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी बोलणंच सोडून दिलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीकडेही ते पाठ करून झोपत.

बंगळूरला असलेली मुलगी, राजसी, फोनवर म्हणाली की गाडी भंगारात देऊन टाक, बाबांना रोज बघून त्रासच होत असेल. सुनेत्राबाईंना ते पटलं. भंगारवाला आला, त्याने गाडीच्या टपावर थाप मारली, आणि खिडकीतून पाहणाऱ्या पोतनीसांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज न करता ते रडत राहिले. सुनेत्राबाईंनी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्या उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये तलरेजांच्या वर्कशॉपवर गेल्या. तलरेजा जुनी इंजिनं नवी करून देत. त्यांनी सांगितलं की इंजिन आणि गिअरबॉक्स सुटे करून आणलेत तर काम करतो, अख्खी गाडी उभी करायला इथे जागा नाही. "काढायला माझा माणूस भेजतो ना भाभी. त्याचं एक सकाळचं काम आहे."

"परक्या माणसासमोर हे बसत नाहीत. तुमचा माणूस आला की यांना आत न्यावं लागेल," सुनेत्राबाई म्हणाल्या. "यांना बाहेर बसवायचंय. मीच काढते. आधी काय, मग काय, तेवढं सांगा."

तलरेजांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग स्टूल पुढे केलं आणि समोरच्या उघड्या इंजिनावर बोट ठेवून सांगायला लागले.

सुनेत्राबाई आयुष्यभर शाळेत शिवण शिकवत होत्या. स्क्रू कोणत्या दिशेने फिरवायचा इथपासून त्यांना सुरुवात करावी लागली. बॅटरी काढली, पाणी सोडलं, रेडिएटर उतरवला. गिअरबॉक्स तिरका होऊन बाहेर येतो, म्हणून त्यातलं तेल आधी काढायचं हे तलरेजांनी दोनदा बजावलं होतं. प्रत्येक वायर सोडवली की तिच्या टोकाला आणि ती जिथून सुटली त्या जागेला त्या एकाच रंगाचा दोरा बांधत. बॉनेटखाली लाल, पोपटी, जांभळ्या दोऱ्यांचे झुबके दिसायला लागले. पोतनीस खुर्चीतून बोट दाखवत. चुकीचा पाना उचलला की मान हलवत. काही दिवसांनी दुपारचं जेवण झालं की तेच काठी घेऊन दाराकडे निघायला लागले.

उचलायच्या दिवशी बोअरवेलचे पंप काढणाऱ्याकडून लोखंडी तिपाई आणि चेनची कप्पी आणली. साखळी ओढायला सरू होती. ती चामटोलीहून घरकामाला येई. तिने पदर खोचला आणि ओढायला सुरुवात केली. इंजिन चार बोटं वर आलं, गाडीचं नाकही त्याच्याबरोबर वर आलं, आणि सगळं थांबलं.

"काकी, यो कुठं तरी धरून ठेवलाय," सरू म्हणाली. "जोर करू का?"

"नको. जरा खाली सोड."

सुनेत्राबाईंनी सगळीकडून पाहिलं. काही जोडलेलं दिसेना. तेवढ्यात मागून आवाज आला.

"पंखा."

पोतनीस बोलले होते. सुनेत्राबाईंनी पाहिलं, पंखा केव्हाच काढून झाला होता. पोतनीसांनी मान जोरात हलवली. "पंखा. पंखा." शब्द चुकतोय हे त्यांना कळत होतं. त्यांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली आणि तोंड फिरवलं.

सुनेत्राबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्हाला माहितीये कुठे अडकलंय ते. शब्द नाही सापडत तर राहू दे. हाताने दाखवा."

त्यांनी हात उचलला, बोट खाली वळवलं. खाली, मागे, आतल्या बाजूला.

सुनेत्राबाई पुन्हा गाडीखाली गेल्या. तिथे दिसत काही नव्हतंच. त्यांनी डोळे मिटले आणि अस्तराखालची शिवण चाचपावी तशी बोटं फिरवली. तेलामातीच्या थराखाली वेणीसारखं विणलेलं काहीतरी लागलं. अर्थिंगची पट्टी, इंजिनापासून गाडीच्या अंगापर्यंत गेलेली. चिखलाच्या रंगाची होऊन गेली होती.

"सापडली," त्या खालूनच म्हणाल्या. बोल्ट गंजलेला होता. पाना दोनदा निसटला, बोटाचं साल निघालं, मग बोल्ट फिरला.

सरूने पुन्हा साखळी ओढली. या वेळी गाडीचं नाक जागेवरच राहिलं. इंजिन वर आलं, पुढचं टोक वर करून तिरकं झालं, त्याच्या मागून लांब गिअरबॉक्स हळूहळू बाहेर निघाला. सुनेत्राबाई त्याला दोन्ही हातांनी आवरत होत्या. गाडी मागे ढकलली आणि सगळं वजन पोर्चमध्ये मांडलेल्या टायरांवर अलगद उतरवलं. मग सरू मटकन खाली बसली आणि हसत सुटली, आणि पोतनीसही हसायला लागले. झटक्यानंतर पहिल्यांदाच, तोंड एका बाजूला वाकडं होऊन, मोठ्याने.

सुनेत्राबाईंनी तलरेजांना फोन करून टेम्पो पाठवायला सांगितलं. मग त्या नवऱ्याशेजारी पायरीवर टेकल्या. हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

पोतनीसांनी रॉकेलच्या फडक्याकडे बोट दाखवलं. सुनेत्राबाईंना वाटलं, पाने पुसायचेत. त्यांनी फडकं दिलं. पोतनीसांनी त्यांचा हात ओढून स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि डाव्या हाताने, सावकाश, एकेक बोट पुसायला लागले.