पंचेचाळीस दिवसांचा सिलिंडर

त्या बुधवारी सकाळी भाताला उकळी येत असतानाच निळी ज्योत बारीक झाली आणि विझली. सरोजानं दुसरा सिलिंडर जोडला. तिचे यजमान राजगोपाल पूजेतून उठून आले. स्वयंपाकघराच्या दारामागं पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा त्यांनी बोटानं मोजल्या.

"तीस दिवस. पंचेचाळीस दिवस पुरायचा तो तुझ्या हातात तीसच. सगळ्या कुंभकोणमला रांधून घालतेस की काय?"

"पुढच्या खेपेला जपून वापरते," सरोजा म्हणाली.

जपून म्हणजे काय, ते तिची मुलगी पंकजा रोज पाहत होती. आई स्वतःची कॉफी पुन्हा गरम करत नसे. रात्रीचं कुळंबू, म्हणजे चिंचेची आमटी, सकाळी थंडच भातावर ओतून घेई. मार्गशीर्षातही गार पाण्यानं न्हाई. पंकजा पापनाशमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. सिलिंडर लवकर का संपतो, हे तिला कधीच कळलं होतं. पण अप्पांना उलट बोलायची त्या घरात रीत नव्हती. आईनं दिलेला डबा घेऊन ती गाडी गाठायला निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात रांगोळी काढताना सरोजा खाली बसली, ती उठली नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. शेगडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

तीन महिने गेले. स्वयंपाकघर आता शरण्याकडे आलं. ती पंकजाच्या धाकट्या भावाची, अश्विनची बायको. अश्विन चेन्नईला नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा. एकदा सिलिंडर संपला तसे राजगोपाल दारापाशी आले.

"एकोणतीस. सासूच्याही पुढं गेलीस."

शरण्या तेव्हा हसली. आठवड्यानं पंकजानं पाहिलं, ती ओट्याशी उभ्यानंच थंड भात जेवत होती.

"असं गार का खातेस?"

"गॅस वाचतो, अक्का. मामंजी तारखा मोजतात ना."

पंकजानं शाळेतून वजनकाटा आणला, न्हाणीबाहेर जुनी एका बर्नरची शेगडी मांडली आणि तिला वेगळा सिलिंडर जोडला. अप्पांच्या दोन वेळच्या आंघोळीचं पाणी आठवडाभर तिथंच तापलं. रविवारी तिनं दोन्ही सिलिंडर पुन्हा तोलले आणि अप्पांना बोलावलं. शरण्याही तिथंच होती.

"अप्पा, आठवड्याच्या स्वयंपाकाला दोन किलो दोनशे ग्रॅम गॅस लागला. तुमच्या पाण्याला एक किलो शंभर."

"काटा बरोबर आहे कशावरून?"

"तुम्हीच काट्यावर उभे राहून बघा."

ते उभे राहिले. आकडा पाहून लगेच उतरले. "हं. बरोबर असेल."

"एक किलो गॅसमध्ये उष्णता ठरलेली असते. रांधणारी बदलली, सून आली, म्हणून ती वाढत नाही. त्यातली बरीचशी भांड्याच्या कडेनं हवेत जाते. नुसता स्वयंपाक केला तर चौदा किलोंचा सिलिंडर पंचेचाळीस दिवस पुरतो. त्यावर तुमच्या आंघोळीचा हंडा चढला की तीस."

"आंघोळ काय मी नव्यानं करतो? पूर्वीही पाणी तापतच होतं."

"परसात बंब होता, अप्पा. नारळाच्या सोडणांवर तापायचं. अश्विनची खोली बांधताना तुम्हीच बंब काढवलात आणि हंडा शेगडीवर आला. दिवसांचा आकडा मात्र जुनाच ठेवलात."

राजगोपाल पंच्याला हात पुसत राहिले. मग शरण्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून मला गार पाणी चालेल."

"गार कशाला, मामंजी? झाकण ठेवून तापवू. कडकडीत नको, कोमट."

"बरं. आणि तू गरम जेव. माझ्यासमोर बसून जेव."

वाचकहो, सिलिंडर किती दिवस पुरावा, हे आपण बहुधा कुठल्या तरी जुन्या वर्षावरून ठरवतो. तो पुरला नाही, की चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईकडे बघतो. दोष देण्याआधी ती उष्णता कुणासाठी जळली, ते मोजून पाहावं. आणि ज्याला मोजता येतं त्यानं बोलावं. त्याच्या गप्प राहण्यानंही कुणीतरी थंड घास गिळत, गारठत राहतं.

शरण्या आत गेल्यावर राजगोपालांनी विचारलं, "पंकू, हे तुला कळलं कधी?"

"आई गेली त्याच्या वर्षभर आधी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

पंकजाचं उत्तर त्यांच्यासाठी नव्हतं. ती रिकाम्या अंगणाकडे बघत होती.

"आई, तुझी चूक नव्हती. मला ठाऊक होतं. मी अप्पांना भ्याले, आणि तुला रोज थंड भात खाऊ दिला."