थोरला कोण

कार्डावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, एक शब्द बदलायचा नाही. हे आम्हाला इतक्यांदा शिकवलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. आणि मी बदलला.

आमची तुकडी माणसं आणते. लढाऊ विमान पडलं, वैमानिक छत्रीने उतरला, की आम्ही हेलिकॉप्टरने जाऊन त्याला उचलतो. प्रत्येक वैमानिक आधी एक कार्ड भरतो, त्यात फक्त त्यालाच माहीत असलेल्या गोष्टी. रेडिओवर त्यातली एक विचारायची. उत्तर बरोबर आलं तर उतरायचं. त्याने मुद्दाम चुकीचं दिलं तर अर्थ एकच: मी पकडला गेलोय, येऊ नका.

फ्लाइट लेफ्टनंट इडोवू फालादे तीन तास झुडपात पडून होता, पाय मोडलेला. आम्ही टेकडीआड घिरट्या घालत होतो. हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ इतकी की दुपार असून सूर्य पिवळा डाग दिसत होता. परतीचं सोडून इंधन अकरा मिनिटांचं.

कार्डावर होतं, "सगळ्यांत आधी जन्मलेल्या भावंडाचं नाव?" रेडिओ खरखरत होता. त्याची बॅटरी संपत आलेली. मी घाईत ओरडलो, "भावंडांत थोरला कोण?"

"केहिंदे," तो म्हणाला.

कार्डावर ताइवो.

तुकडीचे प्रमुख मैगारी सर माझ्या शेजारी. रेडिओ फक्त आम्हा दोघांच्या कानात होता. त्यांनी कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चेहरा दगडासारखा.

"सापडला बिचारा," ते म्हणाले. "परत फिरवा."

हेलिकॉप्टर वळलं. मी परत हाक मारली, दोनदा, तीनदा. काही नाही. बॅटरी गेली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मी थोरला म्हणालो होतो. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. खरंच सांगतो, दोन-तीन सेकंद गप्प बसलो होतो. मग सगळ्यांच्या लाइनवर बोललो, "सर, मी प्रश्न बदलला. आधी जन्मलेला असं न म्हणता थोरला म्हणालो."

"मग? फरक काय पडतो, गाढवा? आम्हा हौसांत जुळी झाली तरी हसन आधी येतो, हुसैनी मागून. हसन थोरला. विषय संपला."

दारातल्या मशीनगनवर सार्जंट आदिगुन होता. सुपारीसारखं कोलाचं फळ चघळत बसलेला, तोंड भरलेलं. ते त्याने बाहेर थुंकलं.

"नावं काय म्हणालास रे?"

"कार्डावर ताइवो. तो म्हणतो केहिंदे."

"अरे, जुळी ती! सर, थांबा. आम्हा योरुबांत ताइवो आधी बाहेर येतो, पण तो धाकटा. केहिंदे त्याला पुढे धाडतो, जा, जग कसंय बघून ये. काम सांगणारा थोरला की ऐकणारा?"

"आईच्या पोटातून हुकूम सोडतो?"

"आमच्यात काही जण जन्मायच्या आधीच साहेब असतात, सर." तो हसला नाही. "आणि जुळ्यांच्या पाठीवर होतो त्याचं नाव इडोवू. ह्या पोराने जे विचारलं, त्याचं उत्तर तो बरोबर देतोय."

"म्हणजे त्याच्या मागे बंदूक नाही?"

"ते मी कसं सांगू? इशारा दिला नाही, एवढंच सांगतो."

सात मिनिटं उरली होती. सर कार्डाकडे बघत राहिले.

"मी पहिला उतरतो, सर," मी म्हणालो.

"तूच उतरणार आहेस. दुसरा कोण? वळवा!"

चाकं टेकली आणि काही दिसेना. धूळ डोळ्यांत, दातांत. मी पळालो. बोरीच्या झुडपापाशी एक माणूस बसलेला, दोन्ही हात वर. "एकटाच आहे!" तो ओरडला. पकडलेल्याकडूनही हेच ओरडून घेतात. वीस पावलं असतील. प्रत्येक पावलाला वाटलं, आता. आता. मागून आदिगुन शिव्या घालत माझ्या डाव्या बाजूला नळी फिरवत होता.

झुडपामागे कुणी नव्हतं.

त्याला खांद्यावर घेतलं. आत टाकला, उडालो.

बराच वेळ तो पाणी पीत होता. मग म्हणाला, "तुम्ही आला होतात. मग आवाज लांब गेला. का?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. मी त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "चूक माझी. माफ करा."

त्याने डावं मनगट पुढे केलं. तिथं पट्ट्याएवढी कातडी फिकी होती.

"आवाज गेला तेव्हा मी घड्याळ काढून मातीत पुरलं. त्या लोकांच्या हातात जायला नको म्हणून. बाबांचं होतं." त्याने हात मागे घेतला. "माफी त्यांच्याकडे माग. इबादानला असतात."

त्यानंतर इबादानसाठी मी दोनदा रजा घेतली. दोन्ही वेळा रद्द केली.