दूध नासवतंय कोण?

सूनबाईने बाटली नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. आजही आंबट! ऑफिसला जाण्याआधी स्वतःचं दूध काढून ती बाळासाठी फ्रीजमध्ये ठेवायची, आणि आठवडाभर ते रोज नासत होतं. वरच्या दुधाला बाळ तोंड लावेना. असंच चाललं तर नोकरी सोडून घरी बसायची पाळी येणार होती.

आणि सासूबाईंना नेमकं तेच हवं असेल तर? रजा संपली तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "लेकराला आई लागते गं, बाटली नाही." गोड बोलून काटा काढणारी माणसं काय कमी असतात? आपली पाठ वळली की ही बाई फ्रीजचं बटण बंद करत असणार, दुसरं काय!

तिने हे नवऱ्याच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, "आई असं करेल? तुझं आपलं काहीतरीच!" आईचं लाडकं कोकरू ते, आणखी काय बोलणार!

मग तिने मेकॅनिकला बोलावलं. त्याने फ्रीज पुढूनमागून पाहिला. "ठणठणीत आहे, ताई. फ्रीज काही थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उपसतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. जाळी मोकळी ठेवा, झालं."

मशीन ठणठणीत, म्हणजे खोट माणसातच! दुसऱ्या दिवशी सूनबाई अर्धी सुट्टी टाकून दुपारीच परतली आणि चपला हातात घेऊन मांजरीच्या पावलांनी आत शिरली. सासूबाई फ्रीजच्या मागे हात घालून उभ्या! रंगेहाथ सापडल्या!

"आई, काय चाललंय तिथे?"

सासूबाई दचकल्या. त्यांच्या हातात बाळाची झबली होती, आणि जाळीवर दुपटी दाटीवाटीने वाळत घातलेली. "अगं, आठवडा झाला, ऊन नाही. ओलं अंगाला लागून पोराला सर्दी व्हायची. इथे छान ऊब असते. पसारा पाहून तू चिडशील, म्हणून तू यायच्या आत काढून घेते."

सूनबाईने दुपटी बाजूला केली. जाळी चांगलीच तापली होती. "आई, ही ऊब आतल्या दुधातूनच निघालेली. तिला बाहेर पडायला वाट लागते. कपड्यांनी ती अडली, म्हणून..."

सासूबाईंनी जाळीला हात लावून पाहिला. "म्हणजे लेकराचं दूध मीच नासवलं?"

हेच त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, असं सूनबाईने मनाशी पक्कं केलं होतं. आता ऐकलं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही हो आई, तुम्हाला काय माहीत..."

"तू नवऱ्याजवळ माझं नाव घेतलंस ना, ते ऐकलं होतं मी," सासूबाई हातातल्या झबल्यांकडे बघत म्हणाल्या. "वाटलं, किती खोटं बोलते ही पोर. खरंच निघालं की गं ते."