अण्णांचा पांढरा शर्ट आणि मी

मित्रांनो, कारखान्यात पाऊल टाकले की तुमची नजर मशिनवर जाते, दिव्यांवर जाते. माझ्याकडे कोण बघणार? मी भिंतीवरचा एक जुना लोखंडी पाइप आहे. बोर्डापासून मोटारीपर्यंत विजेच्या तारा पोटात सांभाळून नेणे हे माझे काम.

ती मोटार अण्णांच्या लेथ मशिनची. अण्णा म्हणजे लोखंड कातण्यात हयात घालवलेले टर्नर. त्यांची थोरली लेक, ताई, त्याच खोलीत बसून मोटारी दुरुस्त करते, वायरिंग करते. बापलेकीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. अण्णांना कमी ऐकू येते, पण कानात जुन्या धाटणीचे यंत्र असल्यामुळे लेकीचा एकही टोमणा सुटत नसे. ती थट्टा ऐकत मी कितीतरी वर्षे सुखाने काढली.

माझ्यात खोड एकच, मला गंज चढला होता. आणि अण्णांना हौस पांढऱ्या शर्टाची! टर्नर आणि पांढरा शर्ट! दम खायला ते मला टेकले की पाठीवर तांबडा पट्टा उमटे आणि ताई कपाळाला हात लावी.

मग मशिनला ड्राइव्ह आला. मोटारीचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी ही पेटी. नवी वायरिंग करताना ताईने मला उतरवले, पांढराशुभ्र प्लास्टिकचा पाइप बसवला आणि त्यात साध्या सुट्या वायरी ओढल्या.

"आता टेका खुशाल," ती म्हणाली.

मायेपोटी माणूस चुकतो तो असा. माझी रवानगी परसात झाली, कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून. डोक्यावर वाळत कोण होते? अण्णांचेच शर्ट. मला फार वाईट वाटले.

खिडकी उघडी असे, त्यामुळे आतले सगळे दिसे. मशीन सुरू झाले की अण्णा कानाला हात लावत. ताई काही बोलली की नुसते "हो, हो" म्हणत. एकदा ती "अण्णा, हात मागे घ्या!" असे ओरडली आणि त्यांना ते ऐकूच गेले नाही. तिने धावत जाऊन मशीन बंद केले, म्हणून बोटे वाचली.

अण्णांनी ॲप्रन काढून खुंटीला अडकवला. "कानात नुसती घरघर आहे गं. झालं माझं. उद्यापासून घरी बसतो."

ताई रडली नाही. तिने मशीन पुन्हा सुरू केले, अण्णांचे यंत्र स्वतःच्या कानाला लावले आणि खोलीभर फिरली. पांढऱ्या पाइपजवळ गेल्यावर ती थबकली.

"अण्णा, कान नाही बिघडला तुमचा. मीच हा पाइप बसवून घोळ घातलाय!"

ड्राइव्ह मोटारीला वीज झटक्या-झटक्याने देतो. त्याचा गोंगाट सुट्या तारांतून बाहेर सांडतो आणि प्लास्टिक त्याला अडवत नाही. तोच अण्णांच्या यंत्रात शिरत होता.

ताई मला आत घेऊन आली. तिने माझा गंज खरवडला, मला राखाडी रंग दिला. मात्र जिथे क्लँप बसतात तिथे लोखंड उघडे ठेवले, कारण रंगावरून अर्थिंग नीट मिळत नाही. मग ड्राइव्हसाठीच बनवलेली केबल आणली. तिच्या तिन्ही तारा आणि अर्थिंग एकाच वेष्टनात, भोवती तांब्याची जाळी. ती माझ्या पोटात ओढून तिने जाळीची दोन्ही टोके आणि माझीही दोन्ही टोके अर्थिंगला घट्ट जोडली, म्हणजे गोंगाट बाहेर न सांडता आतच अडेल. दिव्याची वायर माझ्यातूनच न्यावी असे अण्णांनी सुचवले, तर म्हणाली, "अजिबात नाही. तोच गोंगाट तिच्यात शिरून बाहेर पडेल. ती वेगळी जाणार."

मशीन सुरू झाले. अण्णा पाठमोरे उभे होते. ताई हळूच पुटपुटली, "म्हाताऱ्याचा हट्ट काही जात नाही."

"आणि लेकीची जीभ काही आवरत नाही!" अण्णा मागे न बघता म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा जन्मल्यासारखे वाटले. म्हणून सांगतो, जुन्या वस्तूवर गंज दिसला तर तिला फेकण्याआधी एकदा खरवडून बघा. आणि आपले माणूस "हो, हो" करू लागले, तर त्याच्या कानाला काय ऐकू येते तेही बघा.

अण्णा मात्र आनंदाच्या भरात मशीन थांबवून मला टेकले. माझा रंग अजून ओला होता. पांढऱ्या शर्टावर हा भला मोठा राखाडी पट्टा! ताईने मग जे काही सुनावले, ते अण्णांनी हसत हसत शब्दन् शब्द ऐकले.