वास उडालेली बाटली

मी एक जुनी बाटली आहे. तपकिरी काचेची, अंगठ्याएवढी. पोटात लवंगेचे तेल आणि कपाळावर 'लवंग' अशी चिठ्ठी. मित्रांनो, माझ्या आकारावर जाऊ नका. मी मोठमोठ्या माणसांची परीक्षा घेतली आहे आणि पुष्कळांना नापास होताना पाहिले आहे. त्यात मला कधीच आनंद वाटला नाही.

जन्म माझा भट्टीतला, पण खरे आयुष्य सुरू झाले ते एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, मेंदूच्या डॉक्टरबाईंच्या खोलीत. कंपवातावर, म्हणजे पार्किन्सन्सवर, बाईंचे संशोधन चाले. या आजारात हात थरथरतात हे सगळ्यांना ठाऊक असते. पण अनेकांच्या बाबतीत त्याच्या कितीतरी वर्षे आधी नाकाला वास कळेनासा होतो. चोर घरात शिरून बसलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. त्या चोराची पहिली चाहूल बाईंना पकडायची होती. त्यासाठी लाकडी पेटीत आम्ही बाटल्या होतो: मी, लिंबाची, कॉफीची, साबणाची.

"डोळे मिटा," बाई म्हणत. "घाई नाही. कसला वास येतोय, सांगा." डोळे उघडे असले की माणसे चिठ्ठी वाचतात, म्हणून ही खबरदारी.

एकदा बसचे एक ड्रायव्हर आले. मला नाकाशी धरून हसले. "बाई, पाणी भरलंय का हो यात?"

त्यांची बायकोही हसली. "यांचं असंच आहे. शेजारी दूध करपलं तरी यांना पत्ता नाही."

बाई मात्र हसल्या नाहीत. ड्रायव्हरांचा हात मांडीवर टेकला होता आणि मुठीत मी होते. माझ्यातले तेल बारीक थरथरत होते. त्यांना ते कळलेही नाही. मला मात्र भीती वाटली.

"वास गेला म्हणजे हाच आजार, असं नाही," बाई समजावत. "सर्दीनंही जातो, वयानंही जातो. पण लपवू नका. वेळेवर कळलं तर उपचाराला उशीर होणार नाही."

बाईंचा एक नियमही होता. कोणी वास नाही म्हटले, तर बाटलीला दोष देण्याआधी दुसऱ्या नाकाला विचारायचे. हे दुसरे नाक बहुधा त्यांच्या यजमानांचे असे. ते शाळेत मास्तर होते आणि संध्याकाळी बाईंना न्यायला येत. "माझ्या नाकाला पगार सुरू कर आता," म्हणत ते मला हुंगत आणि हटकून शिंकत. "ही माझी सगळ्यात खरी बाटली," असे बाई म्हणाल्या की मी फुलून जाई.

मग एका सकाळी बाईंनी नेहमीसारखे माझे झाकण उघडले. हुंगले. पुन्हा हुंगले. "उडाला वास," असे म्हणून त्यांनी झाकणही न लावता मला टोपलीत टाकले. चोर सोडून संन्याशाला फाशी! टोपलीतल्या कागदांना माझा घमघमाट सुटला होता. माझ्यामागून लिंबाची आली, मग कॉफीची. बाईंनी नव्या बाटल्या उघडल्या, एकेक हुंगली आणि त्यांचीही झाकणे परत लावून टाकली. "हल्ली मालच खराब येतो," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. दुसऱ्या नाकाला त्यांनी विचारले नाही.

संध्याकाळी मास्तर आले आणि दारातच थबकले. "अगं, लवंग कुठे सांडली?"

मास्तरांनी वास काढत टोपलीतून मला उचलले, हुंगले आणि शिंकले.

"ही का टाकलीस?"

"जुनी झाली. वास उडालाय तिचा."

मास्तरांचा चेहरा उतरला. "सकाळी दूध करपलं. घरभर धूर झाला. तू शेजारीच पेपर वाचत होतीस."

"अहो, लक्ष नव्हतं माझं."

मास्तरांनी मला बाईंच्या हातात दिले. "डोळे मिट."

बाईंचा हात मांडीवर होता. माझ्यातले तेल बारीक थरथरू लागले. त्यांनी मला नाकाशी नेले, पण डोळे मिटले नाहीत. माझ्या कपाळावरची चिठ्ठी वाचून त्या हळूच म्हणाल्या, "लवंग."

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू निकामी झाली असे वाटले, तर फेकण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी विचारा. मला टाकले याचा राग केव्हाच विरला. मास्तरांनी आता माझ्या चिठ्ठीवर अंगठा ठेवला आहे आणि ते वाट पाहत आहेत. असेल नसेल तेवढा सगळा वास मी सोडते आहे. बाई, डोळे मिटा.